भाऊ गोळ्या सोडायच्या म्हणतोय. एवढ्या मोठ्या आजाराला रोजची एक गोळी पुरते का?

पाणंद
नमस्कार मंडळी. हा आयडी नवा काढलाय. जुन्या आयडीने इथले बरेच जण मला ओळखतात, आणि ही गोष्ट माझ्या एकटीची नाही.

धाकटा भाऊ, वय ३४. चाकणला टेम्पो चालवतो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी आईजवळ. मे महिन्यात हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. सिव्हिलला पुन्हा तपासलं, तेच. सीडी-४, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, २१२. भावजय आणि मुलगी दोघींची तपासणी केली, दोघी निगेटिव्ह. त्या दिवशी मी सिव्हिलच्या पायरीवर बसून रडले, ते सुटकेचं रडणं होतं.

जूनपासून एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्राची, गोळी सुरू आहे. रोज एक. तीन महिन्यांत चार किलो वजन वाढलं, रात्रीचा घाम थांबला. आणि आता हा म्हणतो, "ताई, मला काही झालेलंच नाही." धाब्यावर कुणीतरी एका बाबाचा नंबर दिलाय. पंचेचाळीस हजारांत सहा महिन्यांचा काढा, आजार मुळासकट जाणार, अट एवढीच की इंग्रजी गोळ्या बंद करायच्या.

माझे प्रश्न दोन. एक, एवढ्या मोठ्या आजाराला एक गोळी खरंच पुरते का? आणि पुरत असेल तर ती जन्मभर का? त्याला मी काय सांगू? दोन, आईला सांगायचं का? आई ६७ वर्षांची, बीपीची पेशंट.

शेवंती
ताई, आधी एकच करा. आज रात्री भावाला फोन करून सांगा की काढ्याचं नंतर बघू, पण गोळी एक दिवसही चुकवू नकोस. बाकी चर्चा सावकाश होईल.

मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, अकरा वर्षं समुपदेशक होते. "मला काही झालेलंच नाही" हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय, आणि ते बरोबर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं. गोळीने बरं वाटायला लागतं, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस गोळी सोडतो. त्याला रागावू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळे, एवढं त्याला त्याच्या भाषेत समजलं पाहिजे.

१०९७ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. तो स्वतः बोलला तर उत्तम.

घाटमाथा
पंचेचाळीस हजार!! त्या बाबाचा नंबर इथे टाका, आम्ही सगळे मिळून फोन करतो.

लॅबवाली
@घाटमाथा, तुमचा संताप समजतो, पण नंबर नको. धागा उडेल.

पाणंदताई, तुमचा पहिला प्रश्न फार योग्य आहे. गोळी एक दिसते, पण तिच्यात तीन औषधं आहेत. डबीवर बघा: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५०. म्हणून सेंटरवर तिला टीएलडी म्हणतात.

भावाला गावच्या भाषेत असं सांगा. हा विषाणू म्हणजे परका माणूस, आपली जमीन बळकवायला आलेला. त्याच्याजवळचा कागद परक्या लिपीत असतो, त्याला आरएनए म्हणतात. आपल्या पेशीत काम करून घ्यायचं तर तो कागद आधी आपल्या लिपीत, म्हणजे डीएनएत, उतरवून घ्यावा लागतो. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही नक्कल बिघडवतात. नक्कल करणाऱ्याच्या हाती खोटं अक्षर देतात, त्यापुढची ओळ त्याला लिहिताच येत नाही. तरीही एखादी नक्कल पूर्ण झालीच, तर विषाणूची पुढची पायरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवणं. आपल्या पेशीच्या डीएनएत तो स्वतःचा तुकडा जोडतो. डोल्युटेग्रॅव्हिर नेमका हा फेरफार अडवतं. दोन ठिकाणी नाकाबंदी, तीन पहारेकरी.

आता जन्मभर का? औषध सुरू होण्याआधी ज्या पेशींच्या सातबाऱ्यावर नाव चढून बसलंय, ते ही गोळी खोडू शकत नाही. त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. रक्ताच्या तपासणीत त्या दिसत नाहीत, औषध त्यांच्यावर चालत नाही, कारण औषध चालायला विषाणूची हालचाल लागते. पहारा उठला की त्यातली एखादी जागी होते आणि बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत भरतो. म्हणून जन्मभर.

काढ्याने हे नाव खोडलं जातं असा एकही पुरावा जगात नाही.

दोनपोळी
सातबाऱ्याचं उदाहरण वाचून शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळलं. आमच्याकडे एकदा चढलेलं चुकीचं नाव काढायला वडिलांची हयात गेली. 😀

बोरकाठी
मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. इतकी कडक रसायनं रोज, वीस-तीस वर्षं. किडनीचं काय? माझ्या ओळखीत एकाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, गोळी सुरू केल्यावर महिन्यात वाढलं. आयुर्वेदाला सरसकट भोंदू म्हणू नये.

लॅबवाली
@बोरकाठी, राग कसला. शंका रास्त आहे.

टेनोफोव्हिरने काहींच्या किडनीवर परिणाम होतो, हे खरं. म्हणून तर सेंटरवर सुरुवातीला आणि नंतरही ठरावीक काळाने क्रिएटिनिन तपासतात, आणि गरज पडली तर औषध बदलतात. पण तुमच्या ओळखीच्यांना पहिल्याच महिन्यात थोडं वाढलेलं दिसलं, त्यात डोल्युटेग्रॅव्हिरचा भाग असू शकतो. ते किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे आकडा जरा वर सरकतो आणि तिथेच थांबतो. गाळण्याचं काम बिघडलेलं नसतं. फरक डॉक्टर ठरवतील, आपण रिपोर्ट बघून गोळी बंद करायची नाही.

आयुर्वेदाला मी भोंदू म्हटलेलं नाही. "चालू औषध बंद करा" म्हणणाऱ्याला म्हणते.

जुनाएसटीवाला
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. निवृत्त कंडक्टर आहे. २००३ साली मला कळलं. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, टीबी म्हणून. तिची तपासणी कुणी केलीच नाही.

माझा सीडी-४ ८४ होता. तेव्हा या गोळ्या सरकारी दवाखान्यात नव्हत्या. त्याआधी परदेशात या औषधांचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता, म्हणजे आमच्यासारख्याने नावच घ्यायला नको. २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीदांनी तीन औषधांचा वर्षाचा डोस साडेतीनशे डॉलरला द्यायची तयारी दाखवली आणि जगभर भाव कोसळले. मी विकत घ्यायचो तेव्हा महिन्याला दीड हजाराच्या आसपास जायचे. पगार पाच-साडेपाच हजार. आधी गोळी, मग मुलाची फी, मग किराणा.

१ एप्रिल २००४ ला सरकारने देशात आठ ठिकाणी मोफत औषध सुरू केलं, मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. मी रात्रीची गाडी धरून जायचो, पहाटे रांगेत उभा राहायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत. डेपोत सांगायचो, बहिणीकडे गेलो होतो. डेपोच्या हिशेबाने मला मुंबईत चार बहिणी होत्या.

त्या वेळच्या गोळीत स्टॅव्हुडिन असायचं. जीव वाचवला तिने, पण गालाची चरबी गेली, हातावर शिरा दोरीसारख्या वर आल्या, आणि रात्री तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. जाणकार माणूस चेहरा बघून ओळखायचा. मी तोंडाला मफलर गुंडाळून तिकिटं फाडली आहेत, भर मे महिन्यात. पुढे ती गोळी बंद झाली, झिडोव्हुडिन आलं, मग टेनोफोव्हिर, आता हे टीएलडी. तळपायाची आग कमी झाली, गाल काही परत भरले नाहीत.

आता मुद्द्याचं. ताई, भाऊ डबी कुठे ठेवतो? मी विचारतोय कारण माझी पहिली तीन वर्षं डबीत गेली. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी, हातात घेतली की खुळखुळ वाजते. ड्युटीच्या रूमवर सहा जण. मी वरचं लेबल नखाने खरवडून काढायचो, आत कापूस कोंबायचो, आणि तरी पिशवी उचलताना श्वास धरायचो. कुणी जागं असलं तर गोळी राहायची. महिन्यात चार-पाच वेळा राहायची. औषध मला सोसत होतं हो, खोली सोसत नव्हती.

पाणंद
काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. भाऊ दोन ड्रायव्हरांबरोबर खोलीत राहतो. डबी टेम्पोच्या टूलबॉक्समध्ये ठेवतो, पान्यांच्या खाली. मला हे परवाच कळलं.

अबोली
टूलबॉक्समध्ये नको. उन्हात बंद टेम्पो किती तापतो! ३० अंशांच्या आत ठेवा असं डबीवरच लिहिलेलं असतं. आणि डबीत ती छोटी पुडी असते ना, ओल शोषणारी, ती फेकायची नाही, गोळ्या दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत. लेबल काढायचं तर काढा, डबी तीच ठेवा. मला औषध देणाऱ्या फार्मासिस्ट ताईंनी हे तीन वेळा बजावलं होतं.

रानवारा
जेवणाचं पथ्य काय असतं? दारू, मांसाहार? मामेभावाला कुणीतरी दूध-दही बंद करायला लावलंय, तो सुकत चाललाय.

शेवंती
@रानवारा, दूध-दही बिनधास्त सुरू करा, मटण-मासेही. या गोळीला जेवणाआधी-जेवणानंतर असं बंधन नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. अॅसिडिटीची गोळी किंवा पातळ औषध, कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी. यांच्याबरोबर डोल्युटेग्रॅव्हिर पोटात चिकटून बसतं, रक्तात नीट उतरत नाही. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोह जेवणाबरोबर घेतलं तर एकत्र चालतं, अॅसिडिटीच्या औषधाला मात्र अंतर हवंच. मधुमेहाला मेटफॉर्मिन असेल तर एआरटीच्या डॉक्टरांना सांगायचं, तिचा डोस बघावा लागतो.

दारूने गोळी बाद होत नाही, पण दारू प्यायलेला माणूस गोळी विसरतो.

मध्यरात्र
मी २२ वर्षांची आहे. जन्मापासून पॉझिटिव्ह. आई-बाबा दोघं गेले, मावशीने वाढवलं.

लहानपणी आम्हाला रात्री इफाव्हिरेंझची गोळी असायची. ती घेतली की रात्रभर खरीखुरी स्वप्नं पडायची. मी हॉस्टेलमध्ये झोपेत ओरडायचे, मुली म्हणायच्या हिला बाधा झालीय. वॉर्डन मॅडमनी एकदा लिंबू उतरवून टाकलं होतं. 😀 टीएलडी आल्यापासून ते सगळं गेलं. आता सकाळी घेते, काहींना ती रात्री घेतली की झोप लागत नाही.

पंधराव्या वर्षी मी सहा महिने गोळ्या सोडल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही, खिडकीतून टाकायचे. कंटाळा आला होता, बाकी कारण नाही. मग टीबी झाला, मणक्याचा. आठ महिने पडून होते, दहावीचं वर्ष गेलं. दादाला हे माझ्या नावाने सांगा. बरं वाटत असताना सोडल्या होत्या मीपण.

आणि टीबीची तपासणी केली का त्याची? टीबी असला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिरची जास्तीची गोळी संध्याकाळी घ्यावी लागते. मला नंतर एकदा लागली होती.

पाणंद
बाळा, तू लिहिलंस ते जसंच्या तसं त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. टीबी तपासलाय, निघाला नाही. टीबी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या आहेत.

अजून एक विचारायचं होतं. भावजय विचारते की तिला आयुष्यभर धोकाच का? ती नवऱ्याजवळ राहायला चाकणला जायचं म्हणतेय.

घाटमाथा
वहिनींना दंडवत.

लॅबवाली
याचं उत्तर चांगलं आहे. रक्तातला विषाणू मोजतात त्याला वायरल लोड म्हणतात. गोळी नियमित घेतली तर बहुतेकांचा लोड सहा महिन्यांत इतका खाली जातो की यंत्राला सापडत नाही. तो तसा टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

हे ऐकीव नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर अभ्यास झाला, प्रत्येक जोडप्यात एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. २०११ मध्ये निष्कर्ष आला: लवकर औषध सुरू केलं तर लागण ९६ टक्क्यांनी कमी. त्यात आपलं पुणंही होतं, भोसरीची नारी संस्था. नंतर युरोपातल्या पार्टनर अभ्यासात लोड दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण सापडली नाही.

बोरकाठी
मग सेंटरवर अजून निरोध का देतात? हे परस्परविरोधी वाटतं.

शेवंती
कारण सहा महिने व्हायचे आहेत, रिपोर्ट यायचाय, आणि गोळी मध्येच सुटली तर लोड आठवड्यांत वर येतो. शिवाय बाकीचे गुप्तरोग गोळीने अडत नाहीत. भावाचा वायरल लोड डिसेंबरमध्ये होईल. तोवर निरोध हवाच. नंतर दोघांनी डॉक्टरांसमोर बसून ठरवावं. भावजयीची तपासणीही ठरलेल्या वेळी पुन्हा करायची, कारण लागण अगदी ताजी असेल तर पहिल्या चाचणीत दिसत नाही.

चाकणला जायला काहीच हरकत नाही. उलट जाऊ दे. घरात बायको असली की टूलबॉक्स लागत नाही.

अबोली
माझंही सांगते. मला गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात कळलं. एका खासगी नर्सिंग होममध्ये माझ्या फाइलवर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फाइल काउंटरवर सगळ्यांसमोर ठेवली. "आम्ही घेऊ शकत नाही" म्हणाले. नवरा भांडायला निघाला होता, मी हात धरून बाहेर आणलं. तेव्हा कायदा माहीत नव्हता. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, नाव फोडायचं नाही, उपचार नाकारायचे नाहीत, कामावरून काढायचं नाही.

सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिनचं सिरप रोज ड्रॉपरने. काहीच औषध नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, औषधाने ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. हे आकडे मला पाठ आहेत, कारण अठरा महिने मी तेवढ्यावर झोपले. सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले. अठराव्या महिन्यात शेवटची चाचणी. निगेटिव्ह. लेक आता तिसरीत आहे, आणि माझा सकाळचा अलार्म वाजला की मला गोळी आणि पाणी आणून देते. तिला वाटतं सगळ्या आयांना असतो तो अलार्म.

परदेशीपाऊस
अमेरिकेत आता लेनाकापाव्हिर नावाचं इंजेक्शन आलंय, सहा महिन्यांतून एकदा. ते भावाला मिळालं तर रोजची कटकटच नको!

लॅबवाली
@परदेशीपाऊस, जून २०२५ मध्ये तिकडे त्याला मंजुरी मिळाली ती लागण *होऊ नये* म्हणून, निगेटिव्ह माणसांसाठी. उपचारात ते २०२२ पासून आहे, पण बाकीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूसाठी आणि इतर गोळ्यांच्या जोडीने. पाणंदताईंच्या भावाला त्याची गरजच नाही, त्याची पहिलीच फळी उत्तम चालू आहे. मात्र हे औषध स्वस्तात बनवायचे परवाने भारतीय कंपन्यांनाही मिळालेत, त्यात पुण्याची एमक्युअर आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

दोनपोळी
म्हणजे २००१ चंच पुन्हा. एसटीवाले काका, तुमच्या मुंबईच्या चार बहिणी आता एकत्र नांदतील.

जुनाएसटीवाला
😀 त्यातली एक खरंच बहीण होती बरं का. तिला मी २००९ मध्ये सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे, तुझी पिशवी वाजते.

पाणंदताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. आईचं काय ठरलं?

पाणंद
काका, उत्तर द्यायला उशीर झाला. पितृपक्षात भाऊ गावी आला होता. बाबाला पैसे दिले नाहीत, नंबर माझ्यासमोर काढून टाकला. भावजय आणि मुलगी दिवाळीनंतर चाकणला जाणार, एक खोली बघितलीय.

आईला कसं सांगायचं यावर आम्ही दोघं रात्री अंगणात बोलत बसलो आणि काहीच ठरलं नाही. सकाळी उठून बघते तर देवळीत आईच्या बीपीच्या पाकिटाशेजारी त्याची डबी. लेबलासकट. त्यानेच ठेवली होती. आईने ती हातात घेतली, खुळखुळ वाजवली आणि विचारलं, "ही कसली रे?" तो म्हणाला, "रक्ताची आहे. रोज घ्यावी लागते. जन्मभर." आई म्हणाली, "माझीपण जन्मभरच आहे."

पुढचं अजून सांगितलेलं नाही. सांगेल तो, असं वाटतंय.

शेवंती
त्याला त्याच्या वेळेने सांगू दे. तुम्ही मध्ये पडू नका. डिसेंबरची वायरल लोडची तारीख तेवढी कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

जुनाएसटीवाला
किती वाजता घेतो?

पाणंद
साडेसातला. गावी होता तोवर आईबरोबर. आता साडेसातला आई फोन करते, "मी घेतली, तू घेतलीस का?"